मुदत

रात्रपाळीहून आलो, बूट काढले
आणि सोहारच्या दोन खोल्यांत, एसीच्या घरघरीत,
शाळा उघडली.

शाळा म्हणजे एक पिवळं बटण.
दाबलं की विचारतं, अभ्यासक्रमाचं नाव?
लिहिलं : मराठी, शुक्रवार.
पुसून : मराठी, दुसरी ते चौथी.
मग परत शुक्रवार.

डॅशबोर्डला भिणारा मी नाही.
एकवीस वर्षं रिफायनरीत दाब, तापमान, पातळी
वहीत टिपून खाली सही करतोय.
पण इथले सगळे काटे शून्यावर
आणि शून्य म्हणजे सुरळीत की बंद पडलंय
हे सांगायला शेजारी कुणी नाही.

मदतीच्या व्हिडिओतली बाई फार गोड बोलते.
म्हणते, आता तुमचे विद्यार्थी जोडा.
जोडा. फ्लँज जोडावी तसं.
जोडले :
इब्रीचा यशोधन, निझव्याचा रेहान मुजावर,
सूरचा एल्टन डिमेलो, घरी कादोडी बोलणारा,
दुक्मची निहिरा तांडेल, वडील गोदीत वेल्डर,
आणि आणखी चार.
मध्ये सातशे किलोमीटर खडी, वाळू,
'उंटांपासून सावधान'च्या पाट्या.
एका बाकावर कसं बसवायचं यांना?

एक बटण आहे : विद्यार्थी म्हणून पाहा.
दाबलं, आणि मीच माझ्या वर्गात शिरलो.
कुणी नव्हतं. बोटांना खडू नव्हता.
कोपऱ्यात माझं नाव,
त्याच्याशेजारी चेहरा नसलेलं करडं वर्तुळ.
अशा मास्तरासमोर मी तरी थांबलो नसतो.
बाहेर आलो
आणि सगळ्यात वर एकच शब्द लिहिला :
बसा.

पहिला गृहपाठ, ळ.
बाळ, केळं, आभाळ, काळोख.
म्हणा, रेकॉर्ड करा, चढवा.
मुदत शनिवार, रात्री अकरा एकोणसाठ.

रविवारी पहाटे हेडफोन लावले.
यशोधनच्या बाळामागे कुकरची शिट्टी.
रेहानच्या केळ्यावर अजान आली,
तो थांबला, संपू दिली, मग केळं पुरं केलं.
एल्टन आभाळ म्हणाला
आणि हळूच मागे वळून, "मम्मी, बरोबर?"
गुण द्यायची चौकट वाट पाहत लुकलुकत होती.
मी घरं ऐकत बसलो.

निहिराच्या नावापुढे लाल अक्षरं : उशीर, दोन मिनिटं.
तेवढ्यात तिच्या आईचा मेसेज :
'सर, साडेदहालाच पाठवलं हो.
फोन एकच आहे, हे दहाला येतात साइटवरून.'

साडेदहा.
मी सेटिंगच्या आत सेटिंग, तिच्या आत आणखी एक,
व्हॉल्व शोधावा तसा शोधत गेलो.
सापडलं.
खातं उघडताना त्यानं देश विचारला होता
आणि एकवीस वर्षांनंतरही
माझ्या बोटांनी न विचारता भारत लिहिला होता.
वर्गाचं घड्याळ तिकडचं.
दीड तास पुढे.
इथे साडेदहा वाजायच्या आत तिथे दिवस मिटत होता
आणि दार लागत होतं एका पोरीच्या तोंडावर,
तिचा बाप जिन्यात असताना.

लाल अक्षरं पुसायला चाळीस मिनिटं लागली.
घड्याळ मस्कतचं लावलं.
देश तसाच राहू दिला.

मग तिची फाइल उघडली. सतरा सेकंद.
बाल. नाही, थांबा. बाळ.
दुरून दमलेला आवाज : "आणखी एकदा म्हण गो."
केळं. आभाळ. काळोख.
आणि शेवटी, यादीत नव्हता असा एक :
जाळं.
इतका स्वच्छ ळ
आठांत दुसऱ्या कुणाचा नव्हता.

दुसरा गृहपाठ लिहिला,
यादीत नसलेला एक शब्द घरातून आणा.
खाली परत तेच : मुदत?
मी ती चौकट रिकामी सोडून पुढे गेलो.
वाटलं, अडवेल.
नाही अडवलं.